खाणपूरक उद्योगांची प्रादेशिक वाढ : विदर्भाचा अनुभव आणि बार्शी परिसरासाठी त्याचा अर्थ

प्रस्तावना

खनिज संपत्तीचा विचार करताना सामान्यतः साठा, उत्पादन आणि स्वामित्वधन या तीन गोष्टींचीच चर्चा होते. खाण चालविण्यासाठी लागणारी यंत्रे, सुटे भाग, स्फोटके, दुरुस्ती, सर्वेक्षण आणि तांत्रिक सल्ला कोण पुरवितो, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. वस्तुतः खाणीच्या खर्चाचा मोठा भाग या पुरवठ्यावर होतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत खाणयंत्रे, तंत्रज्ञान व सेवा पुरविणाऱ्या उद्योगांचा विचार स्वतंत्र क्षेत्र म्हणून केला जातो. प्रस्तुत लेखात या क्षेत्रासाठी ‘खाणपूरक उद्योग’ ही संज्ञा वापरली आहे. हे उद्योग एखाद्या प्रदेशात कसे रुजतात आणि ज्या प्रदेशात मोठ्या खाणी नाहीत त्याला यातून काय घेता येईल, याचे विवेचन करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

पश्चगामी अनुबंध

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ मध्ये अग्रगामी व पश्चगामी अनुबंधांची कल्पना मांडली. एखाद्या उद्योगाच्या उत्पादनावर आधारलेले पुढील उद्योग हा अग्रगामी अनुबंध होय, तर त्या उद्योगाला लागणाऱ्या सामग्रीतून उभे राहणारे उद्योग हा पश्चगामी अनुबंध होय. खाण-उद्योगात हे अनुबंध आपोआप निर्माण होत नाहीत. यंत्रे बाहेरून येतात, कच्चा माल बाहेर जातो आणि स्थानिकांच्या वाट्याला मजुरी व वाहतूक एवढेच राहते, असे अनेक ठिकाणी घडले आहे.

याचे एक उदाहरण रेल्वेच्या क्षेत्रातील असले तरी ते बार्शीचेच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अरुंदमापी रेल्वेच्या क्षेत्रात नवी वाट दाखविणारी ठरली. प्रत्येक आसावरील भार मर्यादित ठेवून हलक्या रुळांवर अधिक माल वाहण्याची तिची पद्धती अभ्यासाचा विषय झाली. परंतु तिची इंजिने व वाघिणी इंग्लंडमधील लीड्सच्या कारखान्यांत तयार झाल्या. कुर्डुवाडीच्या कार्यशाळेकडे देखभाल आणि दुरुस्ती आली. रेल्वेला बार्शीचे नाव मिळाले. रचना व निर्मितीचे ज्ञान मात्र लीड्समध्ये साठत गेले. खाणींच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न उपस्थित होतो.

विदर्भातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास करण्यास विदर्भ हे सर्वांत योग्य क्षेत्र आहे. मँगनीजचे संघटित उत्खनन येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. १९६२ मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल, स्थापन झाली. २०२३-२४ मध्ये तिचे उत्पादन सुमारे १७.५ लाख टन होते. कोळशाच्या क्षेत्रात वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपूरला असून तिच्या खाणी नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत तसेच मध्य प्रदेशात आहेत. त्याच वर्षी तिने सुमारे ६.९ कोटी टन कोळसा काढला.

खाणींइतक्याच महत्त्वाच्या संस्थाही येथे आहेत. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे आणि स्फोटकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत खनन अभियांत्रिकीचे अध्यापन होते. अशा प्रकारे ग्राहक, नियामक आणि शिक्षणसंस्था एकाच प्रदेशात आहेत. तरीही सर्व पूरक उद्योग तेथे सारख्या प्रमाणात वाढलेले नाहीत. याचे कारण सामग्रीच्या स्वरूपात आहे.

सामग्रीचे तीन वर्ग

खाणीला लागणाऱ्या सामग्रीचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिल्या वर्गात खाणीजवळच असाव्या लागणाऱ्या सेवा येतात : तातडीची दुरुस्ती, हायड्रॉलिक नळ्या जोडणे, टायरची देखभाल, छिद्रण आणि स्फोटकांचा पुरवठा. एक मोठे शॉव्हेल बंद पडले की डंपरही थांबतात आणि उत्पादन खोळंबते. म्हणून येथे किमतीपेक्षा वेळेला महत्त्व असते.

दुसऱ्या वर्गात झिजणारे भाग येतात. शॉव्हेलचे दात, क्रशरच्या जॉ प्लेट, कन्व्हेयर पट्ट्याचे रोलर आणि पंपांचे पंखे ठरावीक काळाने बदलावे लागतात. ते ओतशाळेत व यंत्रशाळेत तयार होतात. त्यासाठी खाण शेजारीच असावी लागत नाही.

तिसऱ्या वर्गात संपूर्ण यंत्रे व नियंत्रणप्रणाली येतात. त्यांना संशोधन, भांडवल आणि विस्तृत बाजारपेठ लागते. त्यामुळे त्यांची निर्मिती बंगळूर, पुणे, नाशिक यांसारख्या औद्योगिक केंद्रांत किंवा परदेशात होते. भूमिगत खाणींच्या छिद्रणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली फिनलंडमधील टाम्पेरे व स्वीडनमधील ओरेब्रो ही नगरेही अशीच यंत्रनिर्मितीची केंद्रे आहेत.

स्फोटक-उद्योगाचा अनुभव

पहिल्या वर्गातून सुरुवात करून पुढे जाता येते, हे नागपूरच्या स्फोटक-उद्योगाने दाखविले आहे. उघड्या खाणीत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी इमल्शन स्फोटके अमोनियम नायट्रेट व इंधन यांच्या मिश्रणावर आधारलेली असतात. त्यांचे घटक विशेष वाहनातून खाणीवर नेले जातात आणि मिश्रण थेट छिद्रात सोडले जाते. तयार स्फोटके दूरवर नेणे खर्चाचे व धोक्याचे असल्याने हा व्यवसाय खाणीच्या परिसरातच वाढतो.

सोलर इंडस्ट्रीज या नागपूरच्या उद्योगाची उत्पादक म्हणून वाटचाल १९९५ मध्ये सुरू झाली. कोळसा खाणींच्या मागणीवर उभा राहिलेला हा उद्योग पुढे आफ्रिकेतील देशांत व तुर्कस्तानात पोहोचला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्याच उपकंपनीने तयार केलेले हातगोळे भारतीय सैन्याकडे सुपूर्द झाले. स्थानिक ग्राहकासाठी मिळविलेले कौशल्य दुसऱ्या क्षेत्रात वापरता येते, हे यातून स्पष्ट होते.

या यशाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावजवळील याच उद्योगाच्या आवारात झालेल्या स्फोटात नऊ कामगारांचा मृत्यू झाला. पूरक उद्योगाचे मूल्यमापन उलाढालीबरोबरच कामगारांच्या सुरक्षिततेवरूनही व्हावयास हवे.

वाढीतील अडथळे

लहान उद्योजक सामान्यतः दुरुस्तीपासून सुरुवात करतो, नंतर सुटा भाग तयार करतो आणि अखेरीस स्वतःची रचना घडवितो. या प्रवासात तीन अडथळे प्रामुख्याने दिसतात.

पहिला अडथळा एकाच मोठ्या ग्राहकावरील अवलंबित्वाचा होय. ग्राहकाने देयक थांबविले की लहान कारखाना अडचणीत येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे देयक कमाल ४५ दिवसांत देणे बंधनकारक असून विलंबासाठी बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. तथापि ज्याच्याकडून पुढील काम हवे आहे, त्याच्याविरुद्ध दाद मागणे लहान पुरवठादाराला सोपे नसते.

दुसरा अडथळा निविदापद्धतीचा आहे. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. २०१२ च्या मूळ आदेशातील २० टक्क्यांचे प्रमाण २०१८ मध्ये वाढविण्यात आले. मात्र हे उद्योग खाणीच्याच जिल्ह्यातील असावेत, अशी त्यात अट नाही. शिवाय सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या रूढीत अधिक टिकाऊ भागाचे मूल्य लक्षात घेतले जात नाही. चिलीमध्ये बीएचपी व कोडेल्को या कंपन्यांनी वेगळी पद्धत अवलंबिली. वस्तूचा तपशील ठरवून देण्याऐवजी त्यांनी खाणीतील अडचण स्थानिक पुरवठादारांपुढे मांडली आणि उपाय शोधण्यासाठी प्रत्यक्ष खाणीत चाचणीची संधी दिली.

तिसरा अडथळा प्रमाणीकरणाचा आहे. भूमिगत कोळसा खाणीतील विद्युत उपकरणांसारख्या सामग्रीला खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता लागते. ही अट शिथिल करणे धोक्याचे ठरेल. तिच्या पूर्ततेसाठी जवळपास चाचणी सुविधा उपलब्ध करणे हाच योग्य मार्ग होय.

गोव्याचा धडा

एका खनिजावर विसंबून राहण्याचा परिणाम गोव्यात दिसला. तेथील लोहखनिज ट्रकने नदीपर्यंत आणि बार्जमधून मुरगाव बंदरापर्यंत जाई. या साखळीवर ट्रकमालक, बार्जमालक व गॅरेजे अवलंबून होती. २०१२ मध्ये खाणकाम थांबले. ते मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडले. लिलावानंतर २०२४ मध्ये त्यास पुन्हा आरंभ झाला. मधल्या काळात कर्ज काढून घेतलेली वाहने उभी राहिली. पुरवठ्याचा मोठा भाग वाहतुकीचा असल्याने त्याला अन्यत्र वाव कमी होता. गडचिरोलीतील सुरजागड येथे २०२१ पासून वाढलेल्या लोहखनिजाच्या उत्खननाबाबत हा अनुभव विचारात घ्यावा लागेल. तेथे खाणीलाच अनेक ग्रामसभांचा विरोध झालेला आहे. अशा स्थितीत स्थानिक तरुणांच्या वाट्याला केवळ ट्रक चालविण्याचे काम येते की यंत्रदुरुस्तीचे व मोजणीचे कौशल्यही येते, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

बार्शी परिसराचा विचार

सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. येथे कोळशाच्या वा लोहखनिजाच्या खाणी नाहीत. दगड, मुरूम व वाळू ही गौण खनिजे आहेत. तथापि दगडखाण व खडी क्रशर यांनाही जॉ प्लेट, चाळण्या, कन्व्हेयर पट्टे आणि छिद्रणाची साधने लागतात. टणक पाषाणामुळे यांतील अनेक भाग लवकर झिजतात. जॉ प्लेटसाठी मँगनीज पोलाद वापरले जाते, त्यासाठी लागणारे फेरोमँगनीज चंद्रपूरला तयार होते आणि त्याचे मूळ खनिज नागपूर-भंडारा पट्ट्यात सापडते. म्हणजे कच्च्या मालाची साखळी राज्यातच उपलब्ध आहे.

याहूनही जवळची मागणी बोअरवेलची आहे. बार्शी तालुका अवर्षणप्रवण आहे. बोअर घेण्यासाठी वापरला जाणारा हवेच्या दाबावरील हॅमर आणि टंगस्टन कार्बाइडचे दाणे बसविलेले बिट हे तंत्र खाणीतील छिद्रणाचेच आहे. तामिळनाडूतील तिरुचेंगोडे येथील रिगगाड्या देशभर काम करतात. त्या नगरात मोठ्या खाणी नाहीत. छिद्रणाच्या सेवेभोवती तेथे रिगबांधणी व दुरुस्तीचे व्यवसाय उभे राहिले. सोलापुरातही १९९२ मध्ये स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने मोटारनिर्मितीचे केंद्र जवळ नसताना देश-विदेशातील मोटारउद्योगाला सुटे भाग पुरविले आहेत. अचूक ओतकामाची क्षमता जिल्ह्यात निर्माण होऊ शकते, याचा हा पुरावा होय.

या दिशेने महाविद्यालयांना तीन कामे करता येतील. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी तालुक्यातील क्रशर व रिगधारकांची सुट्या भागांची वार्षिक खरेदी आणि तिचे मूळ ठिकाण यांचे सर्वेक्षण करावे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी तंत्रनिकेतनांच्या सहकार्याने कठीणपणा व धातुघटकांच्या चाचणीची सोय करावी. भूगोल विभागाने छिद्रणातून मिळणारी खडकांच्या थरांची माहिती संकलित करावी. तिचा उपयोग भूजलाच्या अभ्यासालाही होईल आणि अनिर्बंध छिद्रणाला आळा घालण्यासही मदत होईल.

निष्कर्ष

खनिजाचा साठा निसर्गदत्त असतो व कधीतरी संपतो. पुरवठ्याचे कौशल्य मात्र प्रयत्नांनी निर्माण करावे लागते व ते अन्यत्रही वापरता येते. वेळेवर देयक देणारा व गुणवत्तेचा आग्रह धरणारा ग्राहक, जवळची चाचणी सुविधा आणि एकाहून अधिक बाजारपेठा या तीन गोष्टींवर खाणपूरक उद्योगांची वाढ अवलंबून असते. विदर्भात त्यांपैकी काही आहेत, तर काही उभारावयाच्या आहेत. बार्शीसारख्या तालुक्याने मात्र मोठ्या खाणीची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या दगडखाणीत व बोअरवर दररोज झिजणारा भाग कोठून येतो, याची मोजदाद करण्यापासून प्रारंभ करता येईल.