वाडीवरची शाळा आणि एक किलोमीटर

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे बहुधा दोन खोल्या, दोन गुरुजी. अर्ध्या फळ्यावर पहिलीची बाराखडी, उरलेल्या अर्ध्यावर चौथीचा भागाकार. तरणी मंडळी पोटापाण्यासाठी मुंबईला गेली, म्हणून पट घटला; त्याचं खापर गुरुजींवर फोडण्यात अर्थ नाही.

सार्वजनिक शाळेचा प्रश्न इथे जुना आहे. सी. के. बोले यांचा 1923चा मुंबई विधिमंडळातला ठराव महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे लक्षात राहिला, पण पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या करा, असं त्यात होतं. हे बरेचजण विसरतात.

2009च्या शिक्षणहक्क कायद्याने 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले. राज्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत ठरवली. 2023मध्ये राज्य सरकारने 20पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार मांडला. सवंगडी, वाचनालय, जास्त शिक्षक हे फायदे खरेच. पण आषाढात पऱ्या, म्हणजे ओढा, भरून वाहू लागला की सावित्री नदीच्या खोऱ्यात एक किलोमीटरही फार होतो. शाळा हलवण्याआधी मुलांना नेणारी गाडी वाडीपर्यंत, तीही पावसाळ्यात, कोण आणणार हे कागदावर यायला हवं.