तीन आठवड्यांचा आधार

मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाच्या जिवावरचा धोका आग विझली म्हणून संपत नाही. त्वचेचे आवरण नाहीसे झाले की शरीरातील द्रव पाझरून जातो, उष्णता टिकत नाही आणि जंतूंना मोकळी वाट मिळते. जखम लहान असेल, तर रुग्णाच्याच मांडीवरील त्वचेचा पातळ थर काढून ती झाकता येते. पण निम्म्याहून अधिक शरीर भाजले असेल, तर काढण्याजोगी त्वचा उरते तरी किती?

या प्रश्नावर प्रयोगशाळांनी दीर्घकाळ परिश्रम घेतले आहेत. १९७५ साली अमेरिकेतील जेम्स ऱ्हाइनवाल्ड व हॉवर्ड ग्रीन यांनी मानवी त्वचेच्या पेशी शरीराबाहेर वाढविण्याची रीत सिद्ध केली. पुढे टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून जखमा झाकण्यापुरते थर तयार होऊ लागले. १९८१ साली जॉन बर्क व आयोनिस यानास यांनी कृत्रिम अंतस्त्वचेचा रुग्णांवरील वापर जगापुढे मांडला. ही एक सच्छिद्र जाळी असते. तिच्या आधाराने रुग्णाच्या पेशी व रक्तवाहिन्या आत शिरतात आणि नवी अंतस्त्वचा आकार घेते. मात्र ही जाळी गोवंशातील कोलॅजेन व शार्कच्या कूर्चेतील द्रव्य यांपासून बनते. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट ठाऊक असावी.

दुसरी अडचण काळाची. पेशी वाढण्यास तीन ते चार आठवडे लागतात आणि खर्चही मोठा येतो. तोवर जखम उघडी ठेवता येत नाही. हे अंतर भरून काढते ती मरणोत्तर दान केलेली त्वचा. ती कायमची रुजत नाही. साधारण दोन ते तीन आठवड्यांत शरीर तिला नाकारते. पण तेवढ्या अवधीत जंतुसंसर्ग रोखला जातो, वेदना कमी होतात आणि रुग्णाला सावरण्यास उसंत मिळते.

मुंबईत सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ यांवरील केवळ वरचा पातळ थर घेतला जातो. त्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. रक्तस्राव होत नाही, देह विद्रूप होत नाही आणि अंत्यसंस्कारही खोळंबत नाहीत. रक्तगट जुळविण्याची गरज नसते. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनाही दान करता येते. एचआयव्ही, कावीळ ब व क, त्वचेचा कर्करोग किंवा संसर्ग असल्यास मात्र त्वचा घेत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये, थंड तापमानात ही ठेव पाच वर्षांपर्यंत टिकते.

रत्नागिरीकरांपुढील प्रश्न आहे तो सहा तासांचा. मुंबई येथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर. तेथून पथक बोलावून मुदत गाठणे दुष्कर आहे. परंतु साठवणीची पेढी आणि त्वचा घेणारे पथक एकाच गावी असावे लागते असे नाही. प्रशिक्षित पथक, आवश्यक उपकरणे आणि एखाद्या पेढीशी रीतसर जोडणी एवढे असले, तर येथे घेतलेली त्वचा तिकडे पोहोचविता येईल. शहरात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. व्यापारी संघटनांनी व समाजाच्या मंडळांनी त्याच्याकडे ही मागणी नेटाने मांडावयास हवी.

एक काम मात्र आजच, घरच्या घरी होण्याजोगे आहे. आपली इच्छा घरातील माणसांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी. अखेरची संमती त्यांनाच द्यायची असते, आणि शोकाच्या घडीला विचार करण्यास सहा तास फार थोडे पडतात.