तेंगचौचे विद्यालय आणि चिनी भाषेतील नवे गणित

चीनमधील पारंपरिक शिक्षणाचा सारा ओघ राजसेवेच्या परीक्षांकडे वाहत असे. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथ मुखोद्गत करणे आणि आठ ठरावीक भागांत बांधलेला निबंध लिहिणे यांवर उमेदवाराचे भवितव्य ठरे. गणित, भूगोल, पदार्थविज्ञान यांना त्या वाटेवर जवळजवळ स्थान नव्हते. ही चौकट बदलण्यात ज्या मिशनरी संस्थांचा हातभार लागला, त्यांत शांडोंग प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरील तेंगचौ (आजचे पेंगलाय) येथील विद्यालयाचे स्थान फार वरचे आहे.

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी कॅल्विन मतीर आणि त्यांच्या पत्नी ज्युलिया यांनी 1864 मध्ये, करुणेची देवता मानल्या जाणाऱ्या क्वानयिनच्या एका जुन्या मंदिरात, सहा मुलांना घेऊन ही शाळा सुरू केली. परक्यांच्या शाळेत मुले घालण्यास प्रतिष्ठित घराणी तयार नसल्याने आरंभी गरिबांचीच मुले आली आणि त्यांच्या अन्नवस्त्राचा भारही शाळेनेच उचलला. पुढे तिला ‘वेन्हुइक्वान’, म्हणजे विद्येच्या निमित्ताने एकत्र जमण्याचे स्थान, हे नाव मिळाले आणि 1882 मध्ये मिशनने तिला महाविद्यालयाचा दर्जा दिला. मतीर यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे झाकण्याचे कारण नाही. मात्र समाजात मान मिळवायचा तर ख्रिस्ती तरुण विद्वानही असला पाहिजे, अशी त्यांची धारणा असल्यामुळे बायबलच्या जोडीला कन्फ्यूशियसचे ग्रंथ आणि त्याबरोबरच बीजगणित, भूमिती, रसायन, खगोल असे विषय तेथे शिकवले जात, आणि तेही इंग्रजीतून नव्हे, तर चिनी भाषेतून. प्रयोगांसाठी लागणारी उपकरणे मतीर स्वतःच्या कार्यशाळेत बनवीत व विद्यार्थ्यांकडूनही बनवून घेत.

या संस्थेचे खरे सामर्थ्य तिच्या पाठ्यपुस्तकांत होते. शाळा सुरू होण्यापूर्वीच, 1859 मध्ये, चिनी गणिती ली शान्लान आणि इंग्रज मिशनरी अलेक्झांडर वायली यांनी पाश्चात्त्य बीजगणित व कलनशास्त्र चिनीत आणले होते. परंतु अधिकचे चिन्ह आणि ‘दहा’चे चिनी अक्षर दिसायला एकसारखे असल्याने त्यांनी वेगळी चिन्हे योजली, आकडे चिनी अक्षरांत ठेवले, आणि अपूर्णांकात छेद वर व अंश खाली लिहिला. विद्वानांना ते पेलले, शाळकरी मुलाला मात्र ते जड जाणारे होते. मतीर यांच्या 1892 च्या अंकगणिताच्या पुस्तकाचे नाव ‘पिस्वान शूश्वे’, म्हणजे लेखणीने करायचे गणित. दुकानांत मण्यांच्या चौकटीवर, अर्थात अबॅकसवर, होणाऱ्या हिशेबापेक्षा हे निराळे, असे त्या नावातच सुचवले आहे. त्याच्या पानावर चिनी मजकूर परंपरेप्रमाणे वरून खाली उतरतो, पण उदाहरणे मात्र 1, 2, 3 या आकड्यांत आडवी मांडलेली दिसतात. दोन लेखनपद्धतींचा हा मेळ साधण्यात त्सौ लीवेन या चिनी सहकाऱ्याचा वाटा फार मोठा होता. मतीर यांनी संकलन केले आणि त्सौ यांनी ते चिनीत उतरवले, असे पुस्तकावरच नोंदलेले आहे. अशा सहकाऱ्यांना केवळ ‘मदतनीस’ म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर, 1901 मध्ये, शासनाने प्रांतोप्रांती आधुनिक विद्यालये काढण्याचा आदेश दिला, तेव्हा शांडोंगचे राज्यपाल युआन शिकाय यांनी मतीर यांचे उत्तराधिकारी वॉटसन हेज यांना जिनान येथे बोलावले आणि तेंगचौच्याच नियमांच्या धर्तीवर, तेथेच शिकलेल्या अध्यापकांसह, शासकीय विद्यालय उभे राहिले. कन्फ्यूशियसला वंदन करण्याच्या सक्तीवरून हेज लवकरच बाहेर पडले. परंतु शिकवणारे चिनी पदवीधर इतर प्रांतांतील शाळांतही पोहोचले होते, आणि म्हणूनच 1905 मध्ये राजसेवेच्या परीक्षा बंद झाल्या, तेव्हा नव्या शाळांना शिक्षक आणि पुस्तके काही प्रमाणात तयारच मिळाली.

स्वतः वेन्हुइक्वान मात्र 1904 मध्ये वेइश्येन येथे हलवण्यात आले, 1917 मध्ये जिनानच्या ची-लू विद्यापीठात विलीन झाले, आणि 1952 मध्ये नव्या साम्यवादी राजवटीने त्या विद्यापीठाचे विभाग इतर संस्थांमध्ये वाटून टाकले.