सांधा ठरतो आर्कच्या आधी

जेसीबीच्या दातांत फायबरची केबल सापडली की ती नुसती तुटत नाही, आधी ओढली जाते. त्यामुळे खड्ड्यात दिसणारी दोन टोकं जागच्या जागी जोडून भागत नाही. ताण बसलेला भाग कापून टाकायचा, मधे नवा तुकडा घालायचा. म्हणजे एका कटचे जॉइंट दोन. केबल ४८ फायबरची असेल, तर सांधे ९६. आणि तोवर ‘लाइन कधी येणार?’ असे फोन चालूच.

हे सांधे जोडणारा स्प्लायसिंगवाला आल्याबरोबर आडोसा शोधतो. गाडीचा मागचा भाग, छोटा तंबू, पावसात ताडपत्रीखालचं टेबल, काहीही चालतं. वारा आणि धूळ मात्र चालत नाही. काळं आवरण सोलून आतल्या नळ्या मोकळ्या केल्या की पाणी अडवण्यासाठी भरलेली चिकट जेली पुसण्यात बराच वेळ जातो. मग आतल्या फायबर रंगांच्या क्रमाने लावून घ्यायच्या. ब्ल्यू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन, स्लेट, व्हाइट, रेड, ब्लॅक, येलो, व्हायोलेट, पिंक, अ‍ॅक्वा हा क्रम त्याला तोंडपाठ असतो. रंग चुकला, तर सांधा कितीही सुरेख होवो, एकाची लाइन दुसऱ्याच्या दारात जाते.

सांध्यावर चढवायची संरक्षक नळी, म्हणजे स्लीव्ह, आधी ओवायची. ती विसरली, तर झालेला सांधा तोडून पुन्हा पहिल्यापासून. नंतर स्ट्रिपरने रंगीत थर काढला की उरते ती १२५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी, उघडी काच. प्रकाश जातो तो तिच्याही मधल्या सुमारे नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कागदाने ती पुसताना बारीक चिरका आवाज आला, की काच स्वच्छ झाली असं जुने हात मानतात.

यानंतरचं अवजार क्लीव्हर. त्याचं पातं काच कापत नाही, तिच्यावर फक्त ओरखडा काढतं. मग ताण आणि बाक मिळून काच तिथेच तडकते. तुटलेलं तोंड अगदी सरळ हवं, एखाद्या अंशाचा तिरपेपणाही महागात पडतो. उरलेला तुकडा ताबडतोब बाटलीत जातो, कारण तो कुसळासारखा बोटात शिरतो आणि काढायला गेलं तर दिसत नाही. शेजारी बसून कुणी जेवणाचा डबा उघडलेला या माणसाला खपत नाही, ते त्याचमुळे.

दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनच्या खाचांत बसवून झाकण लावलं की पडद्यावर ती प्रचंड मोठी दिसू लागतात. मशीन आधी विजेचा एक हलका आर्क देऊन धूळ उडवतं, कॅमेऱ्यांनी दोन दिशांतून पाहून गाभ्यासमोर गाभा आणतं. मग दोन इलेक्ट्रोडमध्ये मोठा आर्क पेटतो, टोकं वितळतात आणि एकमेकांत ढकलली जातात. दहाएक सेकंदांचा खेळ. पडद्यावर ०.०२ डीबी आलं, तर त्या सांध्यात अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रकाश गळतो, ०.१ म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त. मग स्लीव्ह सरकवून हीटरमध्ये. आतली बारीक सळई सांध्याला वाकू देत नाही.

बघ्यांची नजर मशीनवर खिळते, पण कौतुक क्लीव्हर धरणाऱ्या हाताचं व्हायला हवं. तोंड तिरपं किंवा मळकं असेल, तर महागडं मशीनही फक्त चूक दाखवून थांबतं.

शिवाय मशीनचा आकडा हा चित्र बघून केलेला अंदाज असतो. खरी परीक्षा ओटीडीआर या मोजणी यंत्राची. फायबरमध्ये प्रकाशाचे ठोके सोडून परत येणाऱ्या अंधूक उजेडावरून ते प्रत्येक सांधा मोजतं. गंमत अशी, की कधीकधी सांध्यानंतर प्रकाश वाढल्याचं ते दाखवतं! दोन फायबरच्या गाभ्यांत किंचित फरक असला की असं होतं. म्हणून दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढायची. घाईत एका बाजूच्या आकड्यावर खूश होणारे भेटतात. त्यांनी भरलेले जॉइंट पुढे दुसऱ्याला उघडावे लागतात.

महाराष्ट्राची या काचेशी ओळख जुनी आहे. टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी देशातली पहिली फायबर १९७९ साली पुण्यात सुरू झाली, आणि छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आज फायबर तयार होते. कटही अर्थात इथे भरपूर.

विचारपूस न करता केलेल्या खोदाईमुळे देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सरकारनेच सांगितलं आहे. ते टाळण्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आलं. सोसायटीची पाण्याची लाइन असो वा ग्रामपंचायतीचं गटार, जेसीबीवाल्याला बोलावण्याआधी त्यावर खोदाईची सूचना द्या.