न्हाणीघरातील सुरक्षितता : खर्चाचा क्रम कसा लावावा?

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी व वृद्ध मंडळींना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाण्याचे काम धर्मगुरूंच्या वाट्याला येते. हे काम करीत असताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली आहे. अंथरुणास खिळलेल्या माणसाला ‘कसे पडलात?’ असे विचारले, तर उत्तरात जिना क्वचित येतो, रस्ता त्याहून क्वचित. बहुतेक वेळा उत्तर येते, ‘न्हाणीत पाय सरकला.’

पडणे ही किरकोळ बाब नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात आणि त्यांत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. मृत्यू टळला, तरी उतारवयात खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, वॉकर, रात्रंदिवस कुणीतरी सोबतीला असे चक्र सुरू होते. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, लागू केली व वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय झाली. ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि हा विमा हाड मोडल्यावर उपयोगी पडतो. हाड मोडू नये म्हणून भिंतीला जो गज लावायचा, त्याचे पैसे आपल्यालाच खर्चावे लागतात. म्हणूनच हा खर्च कसा आखावा, याचा येथे थोडा तपशिलात विचार करू.

प्रथम एक अनुभव सांगतो. वसईतील एका घरी सत्तरी ओलांडलेली एक विधवा माता एकटी राहते. मुलगा आखातात नोकरीला. आईच्या काळजीपोटी त्याने न्हाणीघराचे नूतनीकरण करविले. पाच फूट बाय सात फुटांच्या त्या जागेसाठी पंच्याऐंशी हजार रुपये खर्च झाले. भिंतीला छतापर्यंत फरशा, खाली आरशासारखी चकचकीत लादी, नवा कमोड, नवे नळ. पाहणाऱ्याने वाहवा करावी असे काम! पुढच्याच पावसाळ्यात त्या माता तेथे घसरून पडल्या. नशिबाने मनगटावर निभावले. आम्ही भेटीला गेलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “फादर, त्या लादीवर मला पहिल्या दिवसापासून भीती वाटते. पण पोराने एवढा पैसा घातला, त्याला कसे सांगू?”

त्या एका वाक्यात या विषयाची सारी अडचण सामावलेली आहे. अंदाजपत्रक फरशीच्या दुकानात तयार झाले होते. जिच्यासाठी खर्च करायचा, ती कोठे अडखळते, कशाला धरून उठते, हे तिला कुणी विचारलेच नव्हते.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एक काम करावे. आई किंवा वडील अंथरुणातून उठून न्हाणीघरापर्यंत कसे जातात, हे एकदा शांतपणे पाहावे. वाटेत दिवा आहे काय? दारात पाय कशाला अडतो? कमोडवरून उठताना हात कोठे जातो, नळावर की बादलीच्या काठावर? अंगावर पाणी घेताना त्या वाकतात की बसतात? हे पाहायला पैसा लागत नाही. मात्र त्यांना विचारताना ‘तुम्ही कधी पडलात का?’ असे थेट विचारू नये. वृद्ध माणसे पडल्याचे लपवितात. आपल्यामुळे मुलांना खर्च नको, आपले एकटे राहणे बंद होऊ नये, अशी धास्ती त्यामागे असते. ‘येथे तुम्हाला कशाचा आधार वाटतो?’ असे विचारले तर ती मोकळेपणाने बोलतात.

खर्चाचा क्रम लावण्यापूर्वी एक गोष्ट क्रमाबाहेर ठेवली पाहिजे. ती म्हणजे गिझर. ज्या घरी गॅसचा गिझर आतल्या बाजूस आहे आणि खिडकी बंद असते, तेथे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि दाराला आतून कडी असते. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घेणे हा पहिला खर्च. तो पुढच्या महिन्यावर टाकू नये. विजेचा गिझर असल्यास अर्थिंग तपासून घ्यावे आणि विद्युतप्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारे, तीस मिलिअँपियरचे आरसीसीबी घरात आहे की नाही, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. नसल्यास मजुरीसह दोन-चार हजारांत ते बसते. गिझरचे तापमान पन्नास अंशांच्या आसपास ठेवावे. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांतच कातडी भाजू शकते आणि वृद्धांची त्वचा पातळ असते. हा बदल केवळ एक खुंटी फिरवून होतो.

आता क्रम. खाली दिलेले आकडे साधारण बाजारभावाचे आहेत. गाव, दुकान व वस्तूची प्रत यांनुसार ते कमी-अधिक होतील.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करावी. दाराबाहेरचे सुती पायपुसणे गुळगुळीत लादीवर सरकते, ते उचलून टाकावे. साबणाचा थर लादीवर साचतो आणि बहुधा तोच पाय घसरवितो. आठवड्यातून दोनदा खरखरीत ब्रशाने लादी घासली, तर अर्धा धोका तेथेच कमी होतो. रिकाम्या बादल्या, कपड्यांचे पिंप आणि पाट बाहेर काढावेत. पाटाविषयी विशेष सांगावेसे वाटते. आपल्याकडे पाटावर बसून आंघोळ करण्याची सवय जुनी आहे, परंतु गुडघे थकल्यावर त्या उंचीवरून ओल्या जमिनीवर उठणे म्हणजे एक कसरतच असते.

त्यानंतर हजार-दोन हजारांचा टप्पा येतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा एक छोटा एलईडी दिवा, खाली रबरी चोषक असलेली चटई, आणि बादली ठेवायला एक भक्कम स्टूल. बादली गुडघ्याच्या उंचीला आली की तांब्यासाठी वाकावे लागत नाही आणि वाकून सरळ होताना येणारी चक्कर टळते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही बाब विशेष ध्यानात घ्यावी. पाटाऐवजी रबरी पायांची, पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची हजार-बाराशेत मिळते. ती बसल्यावर डुगडुगत नाही ना, हे दुकानातच बसून पाहावे. संकोच करू नये.

याच टप्प्यात दार येते. आमच्या मते या विषयात सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. बहुतेक न्हाणीघरांचे दार आत उघडते. माणूस आत पडला की त्याच्याच देहाने दार अडते आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. सुताराला बोलावून बिजागऱ्या उलट्या लावून घेतल्या की दार बाहेर उघडते. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येणारे कुलूप लावावे. दोन्ही मिळून हजार-दीड हजार रुपयांचे काम. दारातला संगमरवरी उंबरा पाणी अडविण्यासाठी असतो, तो सरसकट फोडू नये. त्याच्या कडेला उठून दिसेल अशी रंगीत पट्टी लावावी, म्हणजे मंद दृष्टीलाही तो कळतो.

पुढचा खर्च गजांचा. इंग्रजी वळणाने ज्याला ग्रॅब बार म्हणतात, तो स्टेनलेस स्टीलचा गज. दोन गज पुरतात : एक कमोडच्या बाजूला, दुसरा आंघोळीच्या जागी किंवा दाराशी. गजाची जाडी सव्वा ते दीड इंच असावी, म्हणजे मूठ पूर्ण वळते. भिंत व गज यांत दीड इंचाचे अंतर असावे, म्हणजे हात अडकत नाही. उंची पुस्तकातून घेऊ नये. ज्यांना वापरायचा आहे, त्यांना कमोडवर बसवून उठायला सांगावे आणि त्यांचा हात जेथे जाईल तेथे पेन्सिलने खूण करावी.

येथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, टॉवेलच्या दांडीलाच गज समजणे. ती दांडी टॉवेलचे वजन पेलते, माणसाचे नव्हे. दुसरी, भिंतीला चिकटणारे चोषकाचे गज विकत घेणे. ते स्वस्त असतात, छिद्र पाडावे लागत नाही, म्हणून मोह होतो. परंतु ते केव्हा सुटतील याचा नेम नसतो, आणि सुटतात ते नेमके जोर दिल्यावर. गज भिंतीतच, धातूच्या अँकर फास्टनरने बसवावा. नव्या इमारतींच्या भिंती हलक्या सिमेंट ठोकळ्यांच्या असतात. त्यांत साधा फास्टनर सैल पडतो, तेव्हा कारागिराला भिंत कशाची आहे हे आधी सांगावे. आतून पाण्याची नळी जाते का, हेही पाहून घ्यावे. लावून झाल्यावर घरातील सर्वांत वजनदार व्यक्तीने त्याला लोंबकळून पाहावे! गज प्रत्येकी सातशे ते हजार, आणि बसविण्याची मजुरी वेगळी.

भाड्याच्या घरात भिंतीला छिद्र पाडण्यास मालकाची हरकत असू शकते. अशा वेळी कमोडभोवती उभी राहणारी, दोन्ही बाजूंना हात असलेली चौकट मिळते. ती दोन-तीन हजारांत येते आणि घर बदलल्यास सोबत नेता येते. कमोडची नेहमीची उंची पंधरा-सोळा इंच असते. गुडघेदुखीच्या माणसाला सतरा ते एकोणीस इंच सोयीची पडते. त्यासाठी नवा कमोड घेण्याची गरज नाही. वर बसविण्याची उंच बैठक दोन हजारांच्या आसपास मिळते. जेथे अद्याप भारतीय पद्धतीचे शौचकूप आहे, तेथे कमोड खुर्ची हा तोडफोडीविना मार्ग आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तींना अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये देण्याची तरतूद झाली. कमोड खुर्ची त्या साधनांच्या यादीत आहे. गरजूंनी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी, आणि ज्यांना गरज नाही त्यांनी शेजारच्या गरजूला ही माहिती सांगावी.

लादी बदलणे सर्वांत शेवटी. कारण सोपे आहे. पस्तीस चौरस फुटांची खरखरीत, न घसरणारी लादी दोन-तीन हजारांत येते, पण खर्च लादीचा नसतो. जुनी फोडणे, राडारोडा उतरविणे, जलरोधक थर पुन्हा देणे, गवंडी, प्लंबर, सारे मिळून आकडा वीस-पंचवीस हजारांवर सहज जातो. जलरोधकाच्या थरात काटकसर केली, तर खालच्या घराच्या छतातून पाणी गळते आणि सोसायटीत भांडण उभे राहते. तोवर जुन्या लादीवर खरखरीत चिकटपट्ट्या किंवा घसरण कमी करणारे रसायन वापरता येते. त्याचा परिणाम कालांतराने ओसरतो, हे मात्र गृहीत धरावे. लादी बदलायचीच असेल, तर नमुना घरी आणावा, त्यावर साबणाचे पाणी ओतावे आणि अनवाणी पाय ठेवून पाहावा. दुकानातील कोरड्या नमुन्यावर बोट फिरवून काही कळत नाही. आपल्या जुन्या वाड्यांतील न्हाणीत शहाबादी फरशी असे. ती दिसायला ओबडधोबड, पण घासलेली असली तर पायाला धरून ठेवी.

ज्यांची मिळकत निवृत्तिवेतनाची आहे, त्यांनी हे सारे एकाच महिन्यात करण्याची गरज नाही. गिझर तातडीने पाहिल्यावर महिन्याला हजार-दीड हजार बाजूला काढले, तर सहा महिन्यांत लादी वगळता सर्व कामे होतात. भावंडे चार असतील तर एकाने पैसा, दुसऱ्याने कारागीर आणण्याचे काम, असे वाटून घ्यावे. आईचा वाढदिवस, नाताळ अशा प्रसंगी आणखी एक साडी देण्याऐवजी गज दिला, तर ती प्रथम हसेल, हसू द्यावी.

वर उल्लेखिलेल्या मातेच्या घरी पुढे काय झाले, ते सांगतो. मुलगा सुट्टीवर आला, तेव्हा त्यांनी अखेर त्याला मनातले सांगितले. चकचकीत लादी तशीच ठेवून त्याने पुढील खर्च केला : दोन गज १,७५० रुपये, ते बसविण्यास ९०० रुपये, खुर्ची १,१०० रुपये, सुताराकडून दार फिरविणे व नवे कुलूप १,४०० रुपये, कमोडवरील उंच बैठक १,९०० रुपये, दिवा, चटई व चिकटपट्ट्या ९०० रुपये. एकूण ७,९५० रुपये, म्हणजे पहिल्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. चटईचे चोषक वर्षाभरात कडक होतात आणि गजाचे स्क्रू सैल पडतात, म्हणून दर पावसाळ्याआधी तपासणीसाठी त्या पाचशे रुपये एका पाकिटात वेगळे ठेवतात. पाकिटावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, ‘न्हाणी’.