बारी सुटण्याआधीचा अंदाज

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याची ओळख आज मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांमुळे आहे. तरीही चैत्र-वैशाखात भैरवनाथाच्या आणि खंडोबाच्या यात्रा सुरू झाल्या की याच पट्ट्यातील गावांमध्ये एका वेगळ्याच हिशेबाला ऊत येतो, आणि तो हिशेब असतो कोणता गाडा किती सेकंदांत घाट चढेल याचा. ज्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या अशा घरांतही शर्यतीचे बैल अजून दावणीला आहेत आणि त्यांच्यावर होणारा खर्च शेतीच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. बैलगाडा शर्यतीच्या सांस्कृतिक महत्त्वावर आणि तिच्यावरील वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे. शर्यतीआधी बांधल्या जाणाऱ्या अंदाजाकडे मात्र ज्ञानाचा एक प्रकार म्हणून क्वचितच पाहिले गेले आहे, आणि तसे पाहणे आवश्यक आहे.

खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर, शिरूर आणि हवेली या भागातील शर्यतीत गाडे एकमेकांच्या शेजारून धावत नाहीत. सातारा-सांगलीकडे छकडे एकाच वेळी आपापल्या पट्ट्यांतून सुटतात आणि गट, सेमी, फायनल अशा फेऱ्यांतून विजेता ठरतो. उत्तर पुण्यात मात्र चढाची आखीव धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात, आणि त्या घाटातून प्रत्येक गाडा एकटा धावतो. त्या एका धावेला बारी म्हणतात. गाड्याला चार बैल असतात, दोन जुवाखाली आणि दोन त्यांच्या पुढे. त्यांच्याही पुढे घोडी आणि तिच्यावरचा स्वार असतो, कारण बैल वेग घेतात तो तिच्या मागे लागून. निशाण पडल्यापासून वरची रेषा ओलांडेपर्यंतचा वेळ मोजला जातो आणि तो घाटाच्या लांबीनुसार व चढानुसार बहुधा ११ ते १४ सेकंदांच्या आसपास असतो. जवळजवळ दिवसभर चालणाऱ्या या खेळातील प्रत्यक्ष धाव एवढी छोटी असल्यामुळे उरलेला सारा वेळ तर्काच्या वाट्याला येतो.

येथे अंदाजाचेही प्रकार पडतात, कारण जिंकणे एकाच अर्थाचे नसते. आयोजक सेकंदांचे टप्पे ठरवून देतात. उदाहरणार्थ, ११ सेकंदांच्या घरात आलेले सगळे गाडे पहिल्या क्रमांकात आणि १२ सेकंदांच्या घरातले दुसऱ्या क्रमांकात धरले जातात, आणि त्या क्रमांकाचे इनाम त्यांच्यात विभागले जाते. याखेरीज सर्वांत कमी वेळ देणाऱ्या गाड्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो, आणि इतर काही बक्षिसेही वेगळी असतात. त्यामुळे ‘हा गाडा पहिल्यात बसेल’ आणि ‘हा गाडा राजा होईल’ ही दोन विधाने दिसायला जवळची असली तरी त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. चांगला गाडा पहिल्या क्रमांकात येण्याची शक्यता चारात तीन एवढी मोठी असू शकते. परंतु तशाच तोडीचे वीस गाडे मैदानात असतील, तर त्यांतील नेमका एक राजा होण्याची शक्यता वीसात एकाच्या आसपासच राहते. घाटावरचा जाणता शौकीन पहिले विधान ठामपणे करतो आणि दुसऱ्याच्या वेळी दोन-तीन नावे घेऊन थांबतो. शक्यतेचे गणित त्याने शिकलेले नसते, तरी त्याचे हे थांबणे गणिताला धरूनच असते.

अंदाजाचा पहिला आधार बैल हाच असतो. शर्यतीत प्रामुख्याने खिल्लार जातीचे बैल दिसतात. सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या कोरड्या माळरानावरची ही जात सडपातळ, लांब पायांची आणि स्वभावाने तापट असते. पारखणारा माणूस आधी दात पाहतो. दुधाचे दात न पाडलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा आणि चार आलेला चौसा, असा वयाचा हिशेब जबड्यातून कळतो. आदत खोंड वेगवान असला तरी गर्दीत बिचकण्याचा धोका अधिक, आणि जुळलेल्या, म्हणजे सगळे दात आलेल्या बैलाची ताकद भरवशाची असते, असा सर्वसाधारण आडाखा आहे. त्यानंतर नजर खुरांकडे आणि मागच्या पायांच्या ठेवणीकडे जाते. नाकपुडीभोवतीचा भाग ओलसर आहे की कोरडा, टेम्पोतून उतरल्यावर बैलाने पाणी घेतले की नाही, तो रवंथ करतो आहे की डोळे ताणून उभा आहे, या गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांना खरा अर्थ असतो, कारण कोरडे नाक आणि थांबलेले रवंथ ही जनावराच्या अस्वस्थतेची लक्षणे पशुवैद्यही तपासतो. चाकणच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या हीच नजर तयार होत आली आहे. फरक इतकाच की बाजारात तिच्यावर सौदा ठरतो आणि घाटावर सेकंद.

मात्र सुटा बैल कितीही चांगला असला तरी गाडा चौघांचा असतो, आणि बहुतेक अंदाज फसतात ते नेमके येथे. पुढच्या जोडीकडे चपळाई लागते आणि घोडीवर नजर ठेवून सरळ रेषेत धावण्याची सवय लागते. जुवाखालच्या जोडीवर गाड्याचे वजन आणि हिसके येतात, त्यामुळे तिला जोर आणि समतोल दोन्ही हवेत. चौघांपैकी एक बैल अर्धे पाऊल मागे राहिला, तर उरलेल्या तिघांचा वेग त्याच्याशी बांधला जातो. आजकाल दोन किंवा अधिक मालक आपापले नामांकित बैल एकत्र आणून जुगलबंदीचा गाडा जुंपतात. त्यातील प्रत्येक बैलाच्या नावावर मोठी कामगिरी असते आणि गर्दी ती नावे ऐकूनच निकाल ठरवून टाकते. पण वेगवेगळ्या दावणींवर वाढलेल्या बैलांच्या पावलांचा मेळ एका दिवसात बसतोच असे नाही, आणि नावांच्या बेरजेवर बांधलेला अंदाज एका मालकाच्या, वर्षभर एकत्र सराव केलेल्या कमी प्रसिद्ध चौकडीपुढे हरतो. घोडी तर बहुतेकांच्या हिशेबात येतच नाही. ती फार पुढे गेली तर बैलांचे लक्ष तुटते आणि जवळ राहिली तर त्यांची वाट अडते, म्हणून स्वाराचा हात ओळखीचा आहे की नवा, ही माहिती पुढच्या दोन बैलांच्या कीर्तीइतकीच मोलाची ठरते.

दुसरा आधार मैदानाचा. सकाळी पाणी मारून दाबलेला घाट घट्ट असतो; शंभर-दीडशे बाऱ्या झाल्यावर माती सुटते, खुरांखाली भुसभुशीत थर तयार होतो आणि तोच गाडा त्याच ताकदीने धावूनही जास्त वेळ घेतो. त्यात वैशाखातील दुपारचे ऊन असते आणि जुंपणीच्या जागी ताटकळल्यामुळे बैलांचा जोर तेथेच खर्च होतो. गाड्यांचा क्रम चिठ्ठ्यांनी किंवा टोकनने ठरतो, म्हणजे कोणाला सकाळचा ताजा घाट मिळेल आणि कोणाला दुपारचा सैल, हा भाग निव्वळ योगायोगाचा असतो. जाणकार म्हणूनच टोकन निघेपर्यंत बोलणे टाळतो, आणि टोकन निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस बाऱ्यांचे आकडे ऐकून आजचा घाट हलका आहे की जड हे ठरवतो. काल दुसऱ्या गावच्या घाटावर नोंदवलेला वेळ आज येथे जसाच्या तसा लागू करणे ही त्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक असते, आणि त्याचे हे मत पूर्णपणे बरोबर आहे.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि तिची चर्चा घाटावर व्हायला हवी तेवढी होत नाही. निशाण पाहून हाताने कळ दाबणाऱ्या माणसाला डोळ्यांनी पाहिलेले बोटांपर्यंत पोहोचवायला सेकंदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा लागतो आणि हा उशीर माणसागणिक व क्षणागणिक बदलतो. धावण्याच्या जागतिक स्पर्धांमध्ये याच कारणासाठी १९७७ पासून कमी अंतराच्या शर्यतींचे विक्रम केवळ स्वयंचलित विद्युत घड्याळावरच मान्य केले जातात, आणि १०० मीटरच्या हातघड्याळी वेळेची तुलना करताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. घाटाचा राजा अनेकदा शतांश सेकंदांच्या फरकाने ठरतो. जेथे वेळ हातानेच घेतला जातो, तेथे ११.२० आणि ११.२८ या दोन वेळांमधील फरक बैलांचा आहे की बोटांचा, हे निश्चितपणे सांगता येत नाही. आणि जो निकाल मोजण्याच्या चुकीपेक्षा लहान फरकाने लागतो, त्याचा अंदाज जगातील कोणताही जाणकार भरवशाने बांधू शकत नाही.

अंदाजाचे हेच काम जगात इतरत्र कसे चालते हे पाहिले, तर घाटावरच्या ज्ञानाचे बळ आणि उणीव दोन्ही स्पष्ट होतात. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा तेथील खेळ, ३२ संघांमध्ये खेळला जातो. २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो आणि भरलेल्या आठवड्यात १६ सामने होतात. त्या सर्वांचे विजेते आधी सांगण्याचा छंद तेथे घरोघरी आणि कचेऱ्यांमध्ये आहे. बुद्धिबळपटूंची ताकद आकड्यात मांडण्यासाठी आर्पाड एलो या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने बसवलेली पद्धत तेथे संघांना लावली जाते. प्रत्येक संघाला गुण असतात, बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला हरवले की ते जास्त वाढतात आणि दुबळ्याकडून हरले की जास्त घटतात. कोणता खेळाडू जायबंदी आहे हे सामन्याआधी जाहीर करणे संघांवर बंधनकारक असते. एवढी माहिती हाताशी असूनही ज्याचे पारडे जड मानले जाते तो संघ दर तीन सामन्यांत सुमारे दोनच जिंकतो. प्रत्येक सामन्याची शक्यता तीनात दोन धरली, तर सोळाही अंदाज बरोबर येण्याची शक्यता सुमारे साडेसहाशेत एक एवढीच उरते. म्हणून तेथील समंजस अभ्यासक एका आठवड्याच्या यशावर कोणालाही भविष्यवेत्ता ठरवत नाहीत, तर संपूर्ण हंगामाची नोंद पाहतात.

घाटावर नेमकी ही नोंद नाही. वेळ पुकारला जातो, भंडारा उधळला जातो, बक्षीसपत्रिकेवर विजेत्यांची नावे राहतात आणि उरलेल्या शेकडो बाऱ्यांचे आकडे संध्याकाळपर्यंत हवेत विरून जातात. जे टिकते ते माणसांच्या स्मरणात टिकते, आणि स्मरणाला विजय जास्त काळ आठवतात, हुकलेल्या बाऱ्या कमी. या स्मरणावर एक मोठा आघात होऊन गेला आहे. केंद्र सरकारने २०११ मध्ये खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण त्यालाही उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली, आणि शर्यती अधिकृतपणे पुन्हा सुरू झाल्या त्या १६ डिसेंबर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. बैलाचे धावण्याचे आयुष्य मोजक्या वर्षांचे असते, त्यामुळे या साडेसात वर्षांत जवळजवळ एक संपूर्ण पिढी अधिकृत घाट न पाहताच म्हातारी झाली. मे २०२२ च्या अखेरीस चिखलीतील जाधववाडीच्या घाटावर जेसीबी यंत्राचे पहिले बक्षीस ठेवलेली मोठी शर्यत झाली, तेव्हा महाराष्ट्रभरातून आलेल्या गाड्यांविषयी बोलताना जाणकारांच्या हाती जुन्या घराण्यांची कीर्ती होती, परंतु समोर उभ्या असलेल्या बैलांची अधिकृत कामगिरी जेमतेम काही महिन्यांची होती.

१८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. कायद्याखालील नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक आहे. चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांसारख्या साधनांना मनाई आहे. याचा अंदाजाशी थेट संबंध आहे. टोचून किंवा मारून मिळवलेला वेळ बैलाच्या क्षमतेविषयी काहीच सांगत नाही, तो त्याच्या वेदनेविषयी सांगतो. म्हणून तशा जुन्या वेळांशी आजच्या वेळांची तुलना करणे शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचे आहे. हीच गोष्ट पैजेची. शर्यतीवर पैसे लावणे जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे तर झालेच. पण ज्या दिवशी अंदाजामागे रक्कम उभी राहते, त्या दिवशी दमलेल्या बैलाला ‘आज जुंपू नका’ असे सांगणारा जाणता माणूस एकटा पडतो. बैलाचे कोरडे नाक आणि थांबलेले रवंथ ओळखणारी नजर ही या पट्ट्यातील खरी विद्या आहे, आणि तिचा पहिला उपयोग बैलाला विश्रांती देण्यासाठी झाला पाहिजे.

ही विद्या टिकवायची असेल तर तिला लेखी आधार लागेल, आणि तो देणे यात्रा समित्यांच्या हातात आहे. प्रत्येक बारीचा टोकन क्रमांक, सुटण्याची वेळ, चारही बैलांची नावे, त्यांचे दात, पुढची जोडी कोणती व जुवाखालची कोणती, घोडीस्वार कोण, घड्याळ हाताचे की विद्युत आणि सेकंद किती, एवढ्या बाबी एका वहीत उतरवायला एक माणूस आणि एक दिवस पुरतो. ज्या गावांनी लाखोंची बक्षिसे उभी केली, त्यांना विद्युत घड्याळाचा खर्च जड नाही. येत्या चैत्रात खेड, मावळ आणि हवेलीतील समित्यांनी पहिल्या दहा-बारा गाड्यांचाच नव्हे, तर हरलेल्या आणि वेळेत न बसलेल्या प्रत्येक गाड्याचा आकडा या वहीत लिहावा, आणि ती वही गावातील कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी.