जखम भरू नये म्हणून

सकाळी ८
यादीत आधी साधे मोतीबिंदू, शेवटी आजींचा डावा डोळा. मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही. तीन प्रकारचे थेंब घालूनही डोळ्यातला दाब २६. "मोतीबिंदू काढला की पहिल्यासारखं दिसेल ना?" त्या पुन्हा विचारतात. मोतीबिंदूनं झाकलेलं दिसेल आजी, काचबिंदूनं नेलेलं परत येणार नाही. हे मी दर वेळी स्पष्ट सांगते. खोटी आशा लावून कुणाला टेबलावर घेऊ नये.

साडेदहा
सिस्टर मायटोमायसिनची २ मिलिग्रॅमची कुपी १० मिलिलिटरमध्ये विरघळवतात. फिकट जांभळं द्रावण, मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम. मूळचं हे कॅन्सरचं औषध, म्हणून सिरिंजवर वेगळं लेबल. डोळ्याच्या आत थेंबही जाता कामा नये.

अकरा
डोळ्याशेजारी भुलेचं इंजेक्शन. वरच्या पापणीखालचा पातळ पडदा उचलून औषधात भिजवलेले स्पंजचे तुकडे खोल, पसरून ठेवते. पडद्याची कड चिमट्यात वर धरलेली, कारण ती कड भरून यायलाच हवी. सिस्टर घड्याळ लावतात.

एरवी जखम लवकर भरावी म्हणून आम्ही धडपडतो. इथे पाणी बाहेर पडायला केलेली वाट व्रण धरून बुजली की दाब पुन्हा चढतो. त्यात मोतीबिंदूही त्याच वेळी काढला की सूज वाढते आणि व्रणाला जोर येतो. औषध व्रण घडवणाऱ्या पेशींची वाढ रोखतं. १९८३ मध्ये तैवानच्या चेन यांनी ते काचबिंदूत वापरल्याचं मांडलं. पण मात्रा जास्त झाली तर वाटेवर पाणी साठून झालेला पडद्याचा फुगा पांढरा, पातळ पडतो, झिरपतो, दाब नको इतका उतरतो. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या पेंग खॉ यांनी औषध मोठ्या भागावर लावण्याचा आग्रह धरला, तो मला पुरेपूर पटतो. आजींचा पडदा मुळातच नाजूक, म्हणून मात्रा कमी आणि वेळ दोनच मिनिटं.

"दोन झाली, मॅडम." तीन तुकडे ठेवले होते, तीन काढले, मोजले. मग भरपूर सलाइननं धुणं; यात घाई करणं मला अजिबात खपत नाही. त्यानंतरच डोळा उघडायचा: फेकोनं मोतीबिंदू काढणं, लेन्स, वाट, टाके. उरलेलं औषध आणि स्पंज वेगळ्या पिवळ्या पिशवीत.

दुपारी ३
ओपीडी. गेल्या आठवड्यात हीच शस्त्रक्रिया झालेल्या काकांच्या फुग्यावर लाल रक्तवाहिन्या गोळा झाल्यात, म्हणजे व्रण धरू लागलाय. फुग्यापासून दूर फाइव्ह-एफयू या व्रण रोखणाऱ्याच दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन, ५ मिलिग्रॅम. एकत्र शस्त्रक्रियेत मायटोमायसिनइतका भरवसा याच्यावर नाही, तरी या टप्प्यावर ते हाताशी असावं. "झोंबतंय हो!" काका म्हणतात. झोंबतंच. डोळा नीट धुऊन घेते.

साडेपाच
आजींच्या मुलाला थेंबांचा तक्ता समजावते. स्टेरॉइडचे थेंब बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचे नाहीत. आणि डोळा लाल झाला, चिकट घाण आली, नजर अंधुकली, तर त्याच दिवशी यायचं. "किती महिने सांभाळायचं हे?" कायमचं, दहा वर्षांनी झालं तरी यायचं. तो ते तक्त्याच्या मागे लिहून घेतो. उद्या सकाळी नऊला पट्टी काढून दाब बघायचाय.